एमआरएनएमधील रचना जनुकांवर नियंत्रण कसे ठेवतात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रेणवीय जीवशास्त्राचे विद्यार्थी आणि प्रयोगशाळेत नव्याने आरएनएवर काम सुरू करणारे ज्या शंका पुन्हा पुन्हा पाठवतात, त्या इथे एकत्र केल्या आहेत. प्रत्येक उत्तर सुटे वाचता येईल. एखादा मुद्दा दुसरीकडे आला असेल तर तिथला प्रश्नक्रमांक दिला आहे.

१. एमआरएनए तर एकेरी धागा असतो. मग त्यात रचना येते कुठून?

एकेरी असल्यामुळेच येते. डीएनएच्या धाग्याला समोर जोडीदार मिळालेला असतो, आरएनएला तो स्वतःतच शोधावा लागतो. जी-सी, ए-यू आणि जी-यू जोड्या जुळल्या की दुहेरी दांडा तयार होतो, म्हणजे स्टेम. वळणावर जो भाग सुटा राहतो तो लूप, आणि दोन्ही मिळून हेअरपिन. लूपमधले न्यूक्लिओटाइड दूरच्या एकेरी भागाशी जुळले तर स्यूडोनॉट बनतो.

स्थैर्य मुख्यतः जोड्या एकमेकींवर रचल्या जाण्यातून मिळते. लगतच्या दोन जी-सी जोड्या साधारण −२.४ ते −३.४ किलोकॅलरी प्रति मोल देतात, दोन ए-यू जोड्या −०.९ ते −१.३. चार न्यूक्लिओटाइडचे लूप बंद करायला मात्र सुमारे +५.६ खर्च होतात. म्हणून तीन-चार ए-यू जोड्यांची हेअरपिन कागदावर काढता येते, पेशीत ती टिकत नाही.

२. सगळेच एमआरएनए दुमडतात. मग एखादी रचना 'नियामक' आहे हे कशावरून ठरवायचे?

आकार किती देखणा आहे यावरून तर नक्कीच नाही. दोन प्रश्न विचारावेत: ही रचना नेमका कोणता क्रम झाकते, आणि कोणत्या परिस्थितीत तो उघडा पडतो? या दोन्हींना उत्तर नसेल तर तुमच्या हाती फक्त एक आकृती आहे.

पुरावा म्हणून तीन गोष्टी लागतात. पहिली, नातलग प्रजातींमध्ये क्रम बदलूनही जोड्या टिकलेल्या दिसाव्यात: एकीकडे जी-सी, तर दुसरीकडे त्याच जागी ए-यू. दुसरी, स्टेमची एक बाजू बिघडवल्यावर नियंत्रण जावे आणि दुसरी बाजू जुळवून घेतल्यावर ते परत यावे (हे न घडल्यास प्र. १७). तिसरी, लिगँड (म्हणजे आरएनएला बांधला जाणारा लहान रेणू), तापमान किंवा प्रथिन बदलल्यावर रचना खरोखर बदलते हे प्रोबिंगमध्ये, म्हणजे रचना रसायनाने तपासणाऱ्या प्रयोगात, दिसावे (प्र. १४ व १५). अनेक शोधनिबंध पहिल्या पायरीवरच थांबतात आणि शीर्षकात मात्र तिसरीचा दावा करतात.

३. अशी रचना जनुकाचे काम कोणत्या टप्प्यावर अडवते?

जवळपास प्रत्येक टप्प्यावर उदाहरण सापडते. जिवाणूंत जी-सीने भरलेली हेअरपिन आणि तिच्यामागे सात-आठ यूंची रांग आली की आरएनए पॉलिमरेज सुटून जाते, हा टर्मिनेटर. शाइन-डालगार्नो क्रम, म्हणजे जिवाणूंत रायबोसोम उतरण्याची जागा, स्टेममध्ये अडकला तर रायबोसोमच्या ३०एस उपघटकाला तो सापडत नाही आणि भाषांतरण सुरू होत नाही. दृश्यकेंद्रकी पेशींत रचना स्प्लाइसिंगची जागा झाकू शकते, ३' यूटीआरमध्ये (यूटीआर म्हणजे टोकाचा, भाषांतरण न होणारा भाग) बसून एमआरएनएचे आयुष्य ठरवू शकते, किंवा थेट वाचनाची चौकट बदलू शकते (प्र. ११).

हिस्टोनचे एमआरएनए हे वेगळेच प्रकरण आहे. पेशीचक्राशी बांधलेल्या हिस्टोन जनुकांच्या एमआरएनएला पॉली-ए शेपूट नसते. तिच्या जागी ६ जोड्यांचा स्टेम आणि ४ न्यूक्लिओटाइडचे लूप असते. एसएलबीपी हे प्रथिन त्याला धरते आणि डीएनए बनण्याचा काळ संपला की एमआरएनए झपाट्याने नष्ट होतो. पॉली-ए शेपटीला जुळणारा ऑलिगो-डीटी वापरून सीडीएनए बनवणाऱ्यांना हिस्टोनचे संदेश जवळजवळ दिसत नाहीत, त्याचे कारण हेच. तिथे रँडम हेक्सामर वापरावेत.

४. रायबोस्विच म्हणजे नेमके काय?

एमआरएनएचा असा भाग, जो कोणत्याही प्रथिनाच्या मदतीशिवाय लहान रेणू ओळखतो आणि त्याच एमआरएनएवरील जनुक चालू किंवा बंद करतो. त्याचे दोन अवयव असतात. ॲप्टामर लिगँड पकडतो. त्यापुढचा एक्स्प्रेशन प्लॅटफॉर्म टर्मिनेटर किंवा शाइन-डालगार्नोच्या माध्यमातून निर्णय अमलात आणतो. दोन्हींमध्ये काही न्यूक्लिओटाइड सामाईक असतात. ते एका वेळी एकाच बाजूला जोडले जाऊ शकतात आणि सगळे नियंत्रण या ओढाताणीत आहे.

२००२ मध्ये कोबालमिन, थायमिन पायरोफॉस्फेट आणि एफएमएन (फ्लॅविन मोनोन्यूक्लिओटाइड) यांना थेट बांधणारे एमआरएनए प्रयोगाने सिद्ध झाले. त्यानंतर पन्नासहून अधिक वर्ग सापडले आहेत. सर्वांत दूरवर पसरलेला थायमिन पायरोफॉस्फेटचा, म्हणजे टीपीपीचा. तो जिवाणू, आर्किया आणि दृश्यकेंद्रकी अशा तिन्ही गटांत आढळतो.

५. एखादे उदाहरण पायरीपायरीने सांगाल का?

बॅसिलस सबटिलिसचे एक्सपीटी जनुक घेऊ. प्युरिनच्या पुनर्वापराचे हे जनुक. पेशीत ग्वानिन पुरेसे असेल तर ते नको असते.

पॉलिमरेज आधी ॲप्टामर लिहिते, सुमारे ७० न्यूक्लिओटाइडचा. त्यात तीन स्टेम एका चौकात मिळतात: पी१ तळाशी, पी२ आणि पी३ शेजारी-शेजारी, आणि या दोघांची लूप एकमेकांना चिकटलेली. ग्वानिन चौकात बसते आणि जवळजवळ सर्व बाजूंनी झाकले जाते. ग्वानिन आत असेल तर पी१ पक्का होतो. पी१ची ३' बाजू अशी गुंतली की अँटिटर्मिनेटर, म्हणजे टर्मिनेटरला अडवणारी पर्यायी रचना, बनायला ती उरत नाही. पुढचा टर्मिनेटर मोकळेपणी बनतो आणि प्रतिलेखन थांबते. ग्वानिन नसेल तर तीच ३' बाजू पुढच्या क्रमाशी जुळून अँटिटर्मिनेटर बनवते आणि पॉलिमरेज पुढे जनुकात शिरते.

ओळख किती काटेकोर आहे पाहा. चौकातला ७४ क्रमांकाचा सी ग्वानिनशी वॉटसन-क्रिक जोडी करतो. तो एक सी बदलून यू केला की ॲप्टामर ग्वानिन सोडून ॲडेनिन ओळखू लागतो. निसर्गातल्या ॲडेनिन रायबोस्विचमध्ये त्या जागी यूच असतो.

६. एक्सपीटीच्या ॲप्टामरचा केडी सुमारे ५ नॅनोमोलर आहे. पेशीत ग्वानिन एवढे कमी कधीच नसते. मग हा स्विच कायम बंदच राहायला नको का?

केडी, म्हणजे निम्मे ॲप्टामर व्यापायला लागणारी लिगँडची संहती, हा समतोलाचा आकडा आहे, आणि प्रतिलेखनावर चालणाऱ्या स्विचला समतोलापर्यंत पोहोचायला वेळच मिळत नसतो. जिवाणूंची पॉलिमरेज सेकंदाला काही डझन न्यूक्लिओटाइड लिहिते. ॲप्टामर पूर्ण होणे आणि टर्मिनेटरचा निर्णय होणे यांत काही सेकंदांचेच अंतर असते. तेवढ्यात लिगँड बसला तर बसला. लिगँड कमी असेल तर बसण्याचा वेगही कमी, म्हणून अर्धा परिणाम घडवायला लागणारी संहती केडीपेक्षा कितीतरी जास्त निघते. बॅसिलसच्या एफएमएन रायबोस्विचमध्ये हे मोजून दाखवले गेले आहे. तिथे पॉलिमरेज मधल्या जागी थबकते आणि हा थांबा निर्णयाची खिडकी रुंद करतो.

व्यवहारात याचा अर्थ असा: पूर्ण लांबीचा आरएनए आधी बनवून, गरम करून, थंड करून त्यावर मोजलेला केडी पेशीतल्या संवेदनशीलतेचा आकडा म्हणून छापू नये. एकफेरी प्रतिलेखन प्रयोग (ज्यात पॉलिमरेज साच्यावरून एकदाच धावते) करावा, न्यूक्लिओटाइड ट्रायफॉस्फेटच्या दोन-तीन वेगवेगळ्या संहती घ्याव्यात आणि वेग बदलल्यावर अर्ध्या परिणामाची संहती सरकते का ते पाहावे. सरकली तर स्विच गतीवर चालतो. भाषांतरण रोखणाऱ्या स्विचला वेळ जास्त मिळू शकतो, म्हणून तिथे केडी अधिक विश्वासार्ह ठरण्याची शक्यता असते.

७. लिगँड आला की जनुक बंदच होते का?

बहुतेकदा. लिगँड हा त्या जनुकाच्या मार्गाचा अंतिम पदार्थ असेल तर बंद होणेच सोयीचे. पण लिगँड बाहेर फेकायचा किंवा जाळायचा असेल तर उलट रचना दिसते. फ्लोराइड आणि ग्वानिडिनचे रायबोस्विच त्यांना बाहेर टाकणारी वाहक प्रथिने चालू करतात. बॅसिलसमधला ॲडेनिन रायबोस्विच पीबीयूई हे पंप-जनुक चालू करतो. ग्लायसिनचा स्विच ग्लायसिन तोडणारी वितंचके चालू करतो. नव्या स्विचचा लिगँड शोधताना पुढचे जनुक काय करते हे आधी पाहावे. अर्धे काम तिथेच होते.

८. ट्रिप्टोफॅनचे ॲटेन्युएशन (प्रतिलेखन जनुकाआधीच थांबवणे) पण टर्मिनेटरवरच चालते. मग त्याला रायबोस्विच का म्हणत नाहीत?

कारण ई. कोलायमध्ये ट्रिप्टोफॅनला आरएनए ओळखत नाही, रायबोसोम ओळखतो. लीडरमध्ये, म्हणजे एमआरएनएच्या जनुकाआधीच्या भागात, १४ अमिनो आम्लांचा छोटा पेप्टाइड आहे आणि त्यात दोन ट्रिप्टोफॅन कोडॉन लागोपाठ येतात. ट्रिप्टोफॅन भरपूर असेल तर रायबोसोम न अडखळता पुढे जाऊन दुसरा खंड झाकतो. तिसरा आणि चौथा खंड जुळून टर्मिनेटर बनतो. ट्रिप्टोफॅनचा तुटवडा असेल तर रायबोसोम त्या दोन कोडॉनवर अडकतो, दुसरा-तिसरा खंड जुळतो आणि प्रतिलेखन चालू राहते. प्रतिलेखन आणि भाषांतरण एकाच वेळी चालल्याशिवाय हे शक्य नाही, म्हणून केंद्रक असलेल्या पेशीत ही यंत्रणा चालत नाही.

बॅसिलस सबटिलिस तेच काम ट्रॅप नावाच्या ११ उपघटकांच्या कंकणाकार प्रथिनाने करतो. टी-बॉक्समध्ये आणखी वेगळी तऱ्हा: लीडर थेट टीआरएनएला धरतो आणि त्याच्या टोकाला अमिनो आम्ल आहे की नाही ते तपासतो. रिकामा टीआरएनए असेल तर अँटिटर्मिनेटर पक्का होतो.

९. तापमान ओळखणारे आरएनए म्हणजे काय? ते अचानक उघडतात का?

आरएनए थर्मामीटर हा यातला सर्वांत साधा प्रकार. यात लिगँड नाही, प्रथिन नाही. शाइन-डालगार्नो एका मुद्दाम कमकुवत स्टेममध्ये असतो आणि तापमान वाढले की तो सुटतो. लिस्टेरिया मोनोसायटोजेनिसचे पीआरएफए हे रोगकारक जनुकांचे नियामक ३० °सेच्या आसपास दबलेले असते आणि ३७ °सेला, म्हणजे यजमानाच्या शरीरात, त्याचे भाषांतरण होते. साल्मोनेलामध्ये चार यू शाइन-डालगार्नोच्या ए-जी-जी-एशी जुळतात. रायझोबियम गटातल्या रोझ घटकांत अनियमित जोड्या पेरलेल्या असतात. त्यांच्यामुळेच स्टेम योग्य तापमानाला ढिला पडतो.

अचानक नाही, हळूहळू उघडतात. पाच-सात अंशांच्या पट्ट्यात प्रमाण बदलत जाते. म्हणून फक्त ३० आणि ४२ °से असे दोन बिंदू घेऊन 'स्विच' जाहीर करू नये. निदान पाच तापमाने घ्यावीत. दुसरी चूक याहून सरसकट होते. तापमानाबरोबर रिपोर्टर प्रथिनाचे (मोजमापासाठी जोडलेल्या प्रथिनाचे) घडणे, प्लाझ्मिडची संख्या आणि वाढीचा वेग हे सगळे बदलते. नियंत्रण म्हणून एक-दोन जी-सी जोड्यांनी घट्ट केलेला आणि एक पूर्ण मोडलेला असे दोन उत्परिवर्ती आरएनए प्रत्येक तापमानाला सोबत चालवावेत. घट्ट केलेलाही तसाच वर गेला, तर तुम्ही थर्मामीटर मोजत नव्हता.

१०. माणसात रायबोस्विच आहेत का? आणि लोहाच्या बाबतीत ऐकू येणारे आयआरई म्हणजे तेच का?

चयापचयातला लहान रेणू थेट ओळखणारा, सर्वमान्य असा रायबोस्विच माणसात सिद्ध झालेला नाही. न्यूरोस्पोरा बुरशी आणि ॲराबिडॉप्सिस वनस्पतीत टीपीपीचा आहे. तिथे तो स्प्लाइसिंग बदलतो.

आयआरई वेगळे. हा सुमारे ३० न्यूक्लिओटाइडचा स्टेम-लूप, मधे बाहेर आलेला एक सी आणि टोकाला सी-ए-जी-यू-जी अशी सुरुवात असलेले सहाचे लूप. लोह तो स्वतः ओळखत नाही. आयआरपी१ आणि आयआरपी२ ही प्रथिने पेशीत लोह कमी असताना त्याला धरतात. लोह वाढले की आयआरपी१मध्ये लोह-गंधकाचा ४-४ गुच्छ बसतो आणि ते ॲकोनिटेज वितंचक बनते. आयआरपी२ नष्ट केले जाते.

सौंदर्य पुढे आहे. फेरिटिनच्या ५' यूटीआरमध्ये एक आयआरई आहे: प्रथिन बसले की रायबोसोमची वाट अडते आणि साठवणीचे प्रथिन बनत नाही. ट्रान्सफेरिन रिसेप्टरच्या ३' यूटीआरमध्ये पाच आहेत: तिथे तेच प्रथिन बसले की एमआरएनए तुटण्यापासून वाचतो आणि लोह आत घेणारे प्रथिन वाढते. हेअरपिन तीच, प्रथिन तेच, परिणाम उलटे, कारण जागा वेगळी. ५' बाजूलाही जागेची अट कडक आहे. एमआरएनएच्या ५' टोकावरच्या कॅपपासून साधारण ४० न्यूक्लिओटाइडच्या आत आयआरई असेल तर तो अडवतो. ६०च्या पुढे सरकवला की परिणाम बराच घटतो. रिपोर्टरमध्ये आयआरई घालून 'काहीच होत नाही' असे लिहून येणाऱ्यांनी आधी व्हेक्टरमधला लिंकर मोजावा.

याच घटकातून एक आनुवंशिक आजार येतो आणि त्याविषयी डॉक्टर मंडळीही विचारतात. एल-फेरिटिनच्या आयआरईत उत्परिवर्तन झाले की आयआरपी नीट बसत नाही. रक्तातले फेरिटिन खूप वाढते, लहान वयात मोतीबिंदू होतो, पण ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन सामान्य असते आणि शरीरात लोह साठलेले नसते. लोहाधिक्य समजून रक्त काढत राहिले तर रुग्णाला पंडुरोग होतो. नेहमीचा जनुक-पॅनल फक्त कोडिंग भाग वाचत असेल तर हा दोष नजरेतून निसटतो, कारण तो ५' यूटीआरमध्ये असतो. तो भाग वाचला आहे का, हे प्रयोगशाळेला विचारून घ्यावे.

११. कोडिंग भागातल्या रचनाही नियंत्रण करतात का?

करतात, आणि त्या वाचनाचाच अर्थ बदलतात. सार्स-कोव्ह-२मध्ये यू-यू-यू-ए-ए-ए-सी या घसरड्या क्रमानंतर काही न्यूक्लिओटाइड सोडून तीन स्टेमचा स्यूडोनॉट आहे. रायबोसोम तिथे अडखळतो, काही रायबोसोम एक पाऊल मागे घसरतात आणि ओआरएफ १बी ही पुढची वाचन-चौकट वाचली जाते. विषाणूचे पॉलिमरेज त्याशिवाय पूर्ण बनतच नाही. एचआयव्ही-१मध्ये गॅग-पॉल हे जोडप्रथिन याच तत्त्वावर बनते, सुमारे ५ टक्के वेळा.

सेलेनोसिस्टीनसाठी यूजीए हा थांबा-कोडॉन अमिनो आम्ल म्हणून वाचायचा असतो. त्याची खूण म्हणजे सेसिस हेअरपिन. जिवाणूंत ती यूजीएच्या लगेच पुढे, कोडिंग भागातच असते. आपल्यात ३' यूटीआरमध्ये. म्हणून मानवी सेलेनोप्रथिन क्लोन करताना फक्त कोडिंग भाग घेतला तर यूजीएवर अर्धवट प्रथिन मिळते.

१२. ५' यूटीआरमध्ये हेअरपिन घालून भाषांतरण कमी करायचे आहे. किती मजबूत हवी?

पेशी कोणती त्यावर अवलंबून आहे.

सस्तन पेशींत रायबोसोम कॅपपासून स्कॅन करत येतो आणि वाटेतली हेलिकेज मध्यम रचना उलगडते. मॅरिलिन कोझाक या संशोधिकेच्या १९८०च्या दशकातल्या मोजण्या अजूनही उपयोगी आहेत: −३० किलोकॅलरीची हेअरपिन कॅपपासून १२ न्यूक्लिओटाइडवर असेल तर अडवते, ५२वर असेल तर जवळजवळ नाही. −५०ची हेअरपिन उत्पादन ८५ ते ९५ टक्क्यांनी घटवते. म्हणजे हलके समायोजन हवे असेल तर ताकद न वाढवता जागा बदलावी.

ई. कोलायमध्ये हिशोब निराळा. तिथे रायबोसोम थेट शाइन-डालगार्नोवर उतरतो आणि उघड्या रेणूंचे प्रमाण समतोलाने ठरते. साधारण −६पर्यंतची रचना तो खपवून घेतो. त्यापुढे प्रत्येक −१.४ किलोकॅलरीला उत्पादन दहापट घटते. एक जी-यूची जी-सी केली तरी हा फरक पडू शकतो, त्यामुळे टॅग किंवा पहिले दहा कोडॉन बदलल्यावर प्रथिन अचानक नाहीसे झाले तर आधी हाच भाग दुमडून पाहावा.

१३. आरएनएफोल्ड या संगणक-प्रणालीने दाखवलेली रचना खरी मानायची का?

गृहीतक म्हणून माना. लहान आरएनएमध्येही किमान ऊर्जेच्या भाकितात सरासरी सत्तर टक्क्यांच्या आसपास जोड्याच बरोबर निघतात. ऊर्जेचे आकडे १ मोलर सोडियम क्लोराइडमधले आहेत, स्यूडोनॉट गृहीत धरलेले नाहीत, लिगँड आणि प्रथिने तर नाहीतच. शिवाय स्विचला दोन रचना असतात आणि तुम्ही एकच छापून घेता.

क्रम असा ठेवावा. आधी प्रतिलेखनाची खरी सुरुवात ५' रेसने (एमआरएनएचे ५' टोक वाचणाऱ्या पद्धतीने) ठरवा. 'एटीजीच्या आधीचे २०० न्यूक्लिओटाइड' हा अंदाज सर्वाधिक चुकांचे मूळ आहे, कारण जास्तीचा क्रम खोटे जोडीदार पुरवतो. मग तो क्रम आरफॅम या आरएनए-कुटुंबांच्या संग्रहावर सीएमस्कॅन प्रणालीने तपासा; ओळखीचे कुटुंब असेल तर इथेच थांबता येते. नसेल तर पार्टिशन फंक्शन चालवून जोड्यांच्या संभाव्यता पाहा, तापमान तुमच्या जीवाच्या वाढीचे द्या आणि खिडकी ५' बाजूने थोडी थोडी लांबवत पुन्हा दुमडा. आरएनए लिहिला जात असतानाच दुमडतो, हे त्यातून लक्षात येते. शेवटी नातलग क्रम जुळवून सहबदल (जोडी टिकवून झालेले दुहेरी बदल) आर-स्केप प्रणालीने तपासा. जुळलेले क्रम एकमेकांसारखेच असतील तर कोणताही सहबदल दिसणार नाही, आणि तो नसल्याचा निष्कर्षही काढता येणार नाही.

१४. इन-लाइन प्रोबिंग कसे करतात? आमच्या जेलवर सगळीकडे पट्टे येतात.

आरएनएचा धागा ढिला असेल तिथे २'-हायड्रॉक्सिल शेजारच्या फॉस्फेटवर सरळ रेषेत हल्ला करू शकतो आणि धागा आपोआप तुटतो. दुमडलेल्या भागात ही भूमिती जमत नाही. त्यामुळे कोणतेही अभिकर्मक न घालता केवळ वाट पाहून रचना वाचता येते.

टी७ पॉलिमरेजने बनवलेला आरएनए जेलवर शुद्ध करा, ५' टोकाला फॉस्फरस-३२ लावा. तो ५० मिलिमोलर ट्रिस, पीएच ८.३, २० मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड आणि १०० मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये २५ °सेला सुमारे ४० तास ठेवा; एका नळीत लिगँड नाही, बाकींत दहा-दहा पटींनी वाढता. मग १० टक्के पॉलिॲक्रिलामाइडचे युरिया जेल. शेजारी आरनेज टी१ची शिडी, जी प्रत्येक जीनंतर तोडते, आणि अल्कलीची शिडी.

पट्टे मुख्यतः सी-ए आणि यू-ए यांमध्येच असतील तर तो आरनेज ए वर्गाचा दूषितपणा आहे. बफर फेकून द्या. सगळीकडे सारखेच असतील तर आरएनए दुमडलेला नाही किंवा मॅग्नेशियम कमी पडले. दुसरी शक्यता लोक विसरतात: फॉस्फेटवाले लिगँड जास्त संहतीत स्वतःच मॅग्नेशियम धरून ठेवतात, मग दिसणारा बदल लिगँड बसल्याचा नसून मॅग्नेशियम गेल्याचा असतो. तेवढ्याच संहतीचा, न बसणारा सदृश रेणू नियंत्रणात घ्या. ॲडेनोसिलकोबालमिन उजेडात तुटते, त्याच्या नळ्या फॉइलमध्ये गुंडाळा. एस-ॲडेनोसिलमिथायोनिन या पीएचला ४० तास टिकत नाही. प्रयोगाचा वेळ कमी करा आणि मिळालेल्या केडीकडे थोड्या संशयाने पाहा.

१५. रचना तपासायला (प्रोबिंगसाठी) शेप पद्धत वापरावी की डीएमएस हे रसायन?

डीएमएस फक्त न जुळलेले ए आणि सी दाखवते, पण पेशीत सहज शिरते आणि संकेत स्वच्छ मिळतो. शेपची अभिकर्मके चारही न्यूक्लिओटाइडवर काम करतात. परीक्षानळीत १एम७ सोयीचे, त्याचे अर्धायुष्य ३७ °सेला १४ सेकंद असल्याने प्रक्रिया आपोआप थांबते. जिवंत पेशीत एनएआय बरे. डीएमएस विषारी आहे: फ्युम हूडमध्येच उघडा, बीटा-मर्कॅप्टोइथेनॉलने निष्क्रिय करा.

दोन्हींची मर्यादा एकच. मिळणारा आकडा सर्व रेणूंची सरासरी असतो. निम्मे रेणू एका रचनेत आणि निम्मे दुसऱ्या रचनेत असतील तर सरासरीतून कधीकधी अशी तिसरीच रचना निघते, जी प्रत्यक्षात एकाही रेणूत नसते. म्युटेशनल प्रोफाइलिंग (रसायनाच्या खुणा सीडीएनएत उत्परिवर्तन म्हणून वाचणे) केले असेल तर प्रत्येक रीडवरच्या खुणा वेगळ्या गटांत पाडून पाहा. लिगँडसह आणि लिगँडशिवाय, असे दोन संच तर घ्यायलाच हवेत.

१६. आयआरईएस, म्हणजे कॅपशिवाय रायबोसोमला थेट आत घेणारा क्रम, सापडल्याचे दावे किती खरे मानायचे?

पोलिओ, ईएमसीव्ही, हिपॅटायटिस सी यांचे भक्कम आहेत. पेशीतल्या जनुकांचे दावे तपासून घ्यावेत. दोन रिपोर्टरमध्ये क्रम ठेवून दुसऱ्याचे उत्पादन मोजले की तोच क्रम लपलेला प्रोमोटर किंवा स्प्लाइसिंगची जागा म्हणून काम करूनही तसाच निकाल देतो. प्रोमोटर नसलेला प्लाझ्मिड, पहिल्या रिपोर्टरवर एसआयआरएनए आणि थेट आरएनए ट्रान्सफेक्शन हे तीन नियंत्रण प्रयोग नसतील तर निर्णय राखून ठेवा.

१७. स्टेमची दुसरी बाजूही जुळवून बदलली, तरी नियंत्रण परत आले नाही. म्हणजे रचना चुकीची का?

तसे लगेच म्हणू नका. स्विचमध्ये एकच धागा दोन रचनांत भाग घेतो. पी१ची ३' बाजू तुम्ही बदलली, ५' बाजू जुळवली, पी१ परत आला. पण अँटिटर्मिनेटरमध्ये तीच ३' बाजू वेगळ्या जोडीदाराशी जुळते आणि तो जोडीदार जुनाच राहिला. त्यालाही तिसरा बदल हवा. किंवा दोन्ही रचनांत सामाईक नसलेली जोडी निवडा.

इतर कारणे: त्या जागी जोडीबरोबर विशिष्ट बेसही लागतो, जसे आयआरईचे लूप आणि बाहेर आलेला सी, बदलामुळे आरनेज ई वितंचकाला तोडायला नवी जागा मिळाली आणि एमआरएनएच कमी झाला, किंवा नकळत दुसरा शाइन-डालगार्नो तयार झाला. रिपोर्टरचे प्रथिन मोजण्याबरोबर आरटी-क्यूपीसीआर केले असेल तर यातली निम्मी कोडी लगेच सुटतात.

१८. थिओफिलिनचा कृत्रिम रायबोस्विच परीक्षानळीत चालतो, ई. कोलायमध्ये नाही. काय तपासावे?

आधी संहती. ॲप्टामरचा केडी काही दशांश मायक्रोमोलर असला तरी माध्यमात १ ते २ मिलिमोलर द्यावे लागते. त्याहून जास्त दिल्यास वाढ मंदावते. कॅफिन नियंत्रण म्हणून उत्तम, कारण एका मिथिल गटाच्या फरकामुळे ते दहा हजार पटींनी कमी बांधले जाते. नंतर ॲप्टामर आणि शाइन-डालगार्नो यांमधले अंतर पाहा. इथे दोन-तीन न्यूक्लिओटाइड इकडे-तिकडे झाले तरी चालू-बंदचे गुणोत्तर कोसळते, म्हणून हा भाग यादृच्छिक ठेवून संग्रहातून निवडणे हाताने आखण्यापेक्षा जलद ठरते. रिपोर्टर बदलला असेल तर प्र. १२मधला पहिल्या कोडॉनचा मुद्दा पाहा.

१९. रायबोस्विचवर मारा करणारी प्रतिजैविके आहेत का?

तत्त्व सिद्ध आहे. रोझिओफ्लॅविन एफएमएन रायबोस्विचला फसवते आणि जिवाणूचा रायबोफ्लॅविनचा पुरवठा तुटतो. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेले रायबोसिल हे पूर्णपणे कृत्रिम संयुग, रचनेने एफएमएनसारखे नसूनही त्याच कप्प्यात बसते. अडचणी दोन. ॲप्टामरमधला एक बदल प्रतिकार देऊ शकतो, आणि जो जिवाणू यजमानाकडून रायबोफ्लॅविन आयात करतो त्याला स्वतःचा कारखाना बंद पडल्याने फारसा फरक पडत नाही. रायबोसिल वर्गातले कोणतेही औषध अजून बाजारात आलेले नाही.

२०. रायबोस्विचमध्ये आकार बदलायलाच हवा का?

जीएलएमएस जनुकाचा रायबोस्विच हा अपवाद. ग्लुकोसामिन-६-फॉस्फेट येण्यापूर्वीच त्याचा कप्पा तयार असतो. लिगँड येतो तो उत्प्रेरक म्हणून: त्याचा अमिन गट रासायनिक क्रियेत भाग घेतो आणि एमआरएनए स्वतःला तोडतो. उरलेल्या तुकड्याच्या टोकाला ५'-हायड्रॉक्सिल राहते आणि बॅसिलसमध्ये आरनेज जे१ तो संपवते. म्हणून इथे लिगँडसह आणि लिगँडशिवाय केलेले प्रोबिंग जवळपास सारखेच दिसते आणि 'बांधत नाही' असा चुकीचा निष्कर्ष निघतो. इथे तुटण्याचा वेग मोजावा.

२१. एकाच लीडरमध्ये दोन रायबोस्विच असू शकतात का?

असतात, आणि दोन प्रकारे. ग्लायसिनमध्ये दोन ॲप्टामर एकाच प्लॅटफॉर्मला जोडलेले असतात. बॅसिलस क्लॉसीच्या मेटई जनुकापुढे मात्र दोन पूर्ण स्विच आहेत, एक एस-ॲडेनोसिलमिथायोनिनचा, एक ॲडेनोसिलकोबालमिनचा, प्रत्येकाला आपापला टर्मिनेटर. दोहोंपैकी एकही रेणू हजर असला तरी जनुक बंद. मेटई हे बी१२शिवाय मिथायोनिन बनवणारे वितंचक आहे आणि या जिवाणूकडे बी१२ वापरणारे दुसरेही आहे, त्यामुळे बी१२ असताना मेटई बनवणे वाया जाते. अशा लीडरचा अभ्यास करताना एक टर्मिनेटर मोडून दुसरा तपासावा. दोन्ही शाबूत ठेवून एकाच लिगँडची मात्रा बदलत राहिले तर माध्यमातला दुसरा लिगँड सगळे आकडे खाली ओढतो. पोषक माध्यमात बी१२ असू शकते, म्हणून किमान माध्यम वापरावे.